डाव्या हाताखालचा कागद

कॉलेजात पाठीमागे सगळे तिला 'काचपट्टी' म्हणत. अंगाने ती होतीच तशी, किडकिडीत, ताठ आणि कडेला बोट लागलं तर कापेल अशी. पण नाव पडलं होतं कामावरून. मेडिकल कॉलेजच्या पॅथॉलॉजी विभागात ती एकतीस वर्षं एकच काम करत होती. शवविच्छेदनात काढून ठेवलेल्या अवयवांचे नखाएवढे तुकडे मेणात बसवायचे, त्या मेणाच्या ठोकळ्यांचे केसाहून कितीतरी पातळ काप काढायचे आणि ते काचेच्या पट्टीवर चढवून रंगवायचे. या पट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून डॉक्टर रोग ओळखत, विद्यार्थी शिकत आणि कुणीकुणी संशोधनाचे लेख लिहून मोठं होई. त्या लेखांत हिचं नाव नसे. त्याचं तिला काही वाटतही नसे. काप फाटला नाही, त्याला सुरकुती पडली नाही, एवढं दिसलं की तिचा दिवस भरला.

घरात ती आत्या. भाची एकच, पण तिच्यामुळे भाऊसुद्धा बहिणीला आत्याच म्हणायला लागला होता, म्हणून आपणही आत्याच म्हणू.

आत्याने लग्न केलं नाही. ती भावाच्या घरी जिन्यालगतच्या पुढच्या खोलीत राहायची. मधल्या खोलीत वहिनीचं शिवणयंत्र. शाळेची दप्तरं, प्रवासाच्या पिशव्या, सामान झाकायची कापडं असं जाडजूड शिवण वहिनी घ्यायची. दोघींमध्ये छत्तीसचा आकडा होता आणि तो लग्नाच्या पहिल्याच महिन्यात पडला. जेवताना नव्या नवरीने सहज विचारलं, "वन्सं, तुम्ही दिवसभर करता तरी काय?" आत्याने खरं ते सांगितलं, "आज एका बाईचं यकृत होतं." वहिनी ताटावरून उठली. दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात एक लाल साबण वेगळा ठेवलेला दिसला.

"हा तुमचा. स्वयंपाकघरात यायच्या आधी दोनदा," वहिनी म्हणाली.

त्या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. साबण संपत गेले, नवे येत गेले, लाल रंग काही बदलला नाही. दोघींचं 'तुम्ही-तुम्ही'सुद्धा सुटलं नाही. मध्ये दादा, आत्याचा भाऊ, होता म्हणून घर चाललं. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. अक्षराला वळण असं की लोक दुकानात शिरायच्या आधी पाटीकडे बघत उभे राहत. तो म्हणायचा, "एक शिवते, एक कापते. मी मधलं कापड. फाटलो तर दोघींची पंचाईत." यावर दोघी हसायच्या, पण एकमेकींकडे न बघता.

एका बाबतीत मात्र वहिनीने आत्याला कधी नाही म्हटलं नव्हतं. "वहिनी, जरा जाड दोरा द्या ना," असं आत्याने म्हटलं की वहिनी रिळावरून हातभर दोरा तोडून द्यायची, दप्तराच्या पट्ट्यांना घालतात तो, निळा, मेणवलेला. कशाला हवा ते वहिनीने विचारलं नाही आणि आत्यानेही सांगितलं नाही.

मग दादाचा हात थरथरायला लागला.

आधी अक्षरांच्या आडव्या रेघा डुलायला लागल्या. मग तो स्वतः डुलायला लागला, नावेत उभं राहिल्यासारखा, पाय फाकवून. जीभ जड झाली. गिऱ्हाइकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. ज्याने आयुष्यात दारूचा थेंब तोंडाला लावला नव्हता, त्याच्याकडे बघून दुकानदार एकमेकांना डोळे घालायला लागले. आणि एक दिवस वहिनीनेही त्याचं तोंड हुंगलं. आत्याने ते दारातून पाहिलं. दादाने तोंड उघडून धरलं होतं, दातांच्या डॉक्टरपुढे धरावं तसं. आत्याने वहिनीला त्याबद्दल कधी क्षमा केली नाही.

चार वर्षांत तीन डॉक्टरांनी तीन नावं सांगितली. शेवटी घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरला आणि आठ दिवसांत दादा गेला, तो आत्याच्याच इस्पितळात, महिन्याच्या तीन तारखेला. वहिनीने स्वतःच डॉक्टरांना सांगितलं, "चिरफाड करायची तर करा. कशाने गेले ते कळू दे मला."

आता त्या कागदाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं पुढे त्यावरून झालं.

विभागात कारकुनाची जागा रिकामी पडल्यापासून नातेवाइकांच्या सह्या घ्यायचं काम आत्याकडे आलं होतं. फॉर्म दोन पानी. पहिल्या पानावर शवविच्छेदनाला संमती. दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात कलमं होती: तपासणी, शिक्षण, संशोधन आणि प्रदर्शन यांसाठी अवयव व पेशीजाल ठेवून घेण्यास हरकत नाही, आणि खाली अवयवांची यादी. सही त्या पानाच्या तळाला. सुरुवातीला आत्या लोकांना वाचू द्यायची. एकदा एक म्हातारा आपल्या मुलाचा फॉर्म मोठ्याने वाचायला लागला. हृदय, फुप्फुसं, मेंदू, डोळे, असं म्हणत म्हणत तो खुर्चीवरून खाली घसरला. त्या दिवसानंतर आत्याने स्वतःची एक रीत पाडली. फॉर्म समोर ठेवायचा, डावा तळहात पसरून मजकुरावर ठेवायचा, आणि उजव्या हाताच्या बोटाने दाखवायचं, "इथे सही करा." लोक मान खाली घालून सही करायचे. कोणी घसरलं नाही. कोणी नाहीही म्हटलं नाही. विभागप्रमुख खूश असायचे. आत्याला ती दयाच वाटायची आणि बरीच वर्षं ती दया होतीही. नंतर ती फक्त सवय राहिली.

तीन तारखेला वहिनीपुढेही तिने तसाच हात ठेवला. वहिनीने पदराने डोळे पुसले आणि हाताखाली सही केली.

मेंदू ताजा कापता येत नाही, लोण्यासारखा पसरतो. तो तीन आठवडे फॉर्मलिनच्या बादलीत घट्ट व्हावा लागतो, आणि तळाला टेकून चपटा होऊ नये म्हणून दोऱ्याने उलटा टांगावा लागतो. दुसऱ्या मदतनिसाच्या गाठी सुटतात हे आत्याला ठाऊक होतं. म्हणून गाठ तिने मारली. चार तारखेला दादाला पोचवून आल्यावर वहिनी मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसली, आणि आत्या कामावर गेली. बादलीचं झाकण नीट बसलं आहे ना ते बघायला.

पंचवीस तारखेला प्रमुखांनी मेंदू कापला आणि तुकडे तिच्या हवाली केले. अकरा ठोकळे झाले. काप काढताना ठोकळा फार थंड असला तर मेण चुरतं, म्हणून कारागीर त्यावर तोंडाने वाफ देतात, आरसा पुसताना देतो तशी. आत्याने अकराही ठोकळ्यांवर वाफ दिली. यंत्राचा दांडा फिरवला, कोमट पाण्यावर मेणाची फीत सोडली, कुंचल्याच्या केसाने सुरकुत्या काढल्या. चव्वेचाळीस पट्ट्या झाल्या. इतकं स्वच्छ काम तिच्या हातून आजवर झालं नव्हतं, असं तिला स्वतःलाच वाटलं. त्याचा तिला अभिमान वाटला. आणि त्या अभिमानाची लाज तिला फार उशिरा वाटली.

दोन महिन्यांनी अहवाल पोस्टाने घरी आला. आत्या कामावरून परतली तर वहिनी यंत्र बंद करून बसलेली. मांडीवर कागद, कागदावर मापाची फीत. भाची पलीकडे उभी. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती, अजून बाहेरचे कपडेही बदलले नव्हते.

"वन्सं, बसा," वहिनी म्हणाली. "मला जरा हिशेब समजावून द्या. चार तारखेला आपण ह्यांना पोचवलं. बरोबर?"

"बरोबर."

"मग इथे लिहिलंय, मेंदू पंचवीस तारखेला तपासला. कोणाचा?"

आत्याने हातातली पिशवी खाली ठेवली.

"कोणाचा, विचारतेय मी! चार तारखेला मी कोणाला पोचवलं? अर्ध्या माणसाला?"

"अर्ध्या नाही," आत्या म्हणाली. तिला खरंच हे सांगणं गरजेचं वाटलं. "मेंदू वजनाने फार नसतो, वहिनी."

भाचीने डोळे मिटून घेतले. वहिनी शांतपणे फीत गुंडाळायला लागली. बोटाभोवती, एकेक वेटोळं.

"आता कुठे आहेत ते?"

"विभागात. काही ठोकळे, काही पट्ट्या. उरलेल्या चकत्या बरणीत. मुलांना शिकवायला."

"आणि तीन आठवडे?"

"बादलीत. दोऱ्याने टांगून, म्हणजे आकार बिघडत नाही."

"कसला दोरा?"

आत्याची नजर यंत्रावरच्या रिळाकडे गेली.

"निळा ना?" वहिनीचा आवाज आता अगदी खाली आला होता. "जाड. मेणवलेला. दप्तराचा. वर्षानुवर्षं मी तुम्हाला हातभर हातभर तोडून देत आले. मला वाटायचं, तिथे गठ्ठे बांधता."

"वहिनी, तुम्हीच म्हणालात कशाने गेले ते कळू दे. कळलं ना? तोल सांभाळतो तो लहान मेंदू सुकत गेला होता. यकृत धडधाकट. दारूचा मागमूस नाही, असं साफ लिहिलंय. तुम्ही त्याचं तोंड हुंगलं होतं..."

हे बोलायला नको होतं. पण चार वर्षं दाताखाली धरलेलं वाक्य सुटलं ते सुटलंच.

वहिनी उठली. "हो, हुंगलं. नवरा होता माझा, मी हुंगीन नाहीतर चार मुस्कटात देईन. पण त्यांच्या तोंडावर. त्यांना कळत असताना. तुमच्यासारखं हाताखाली झाकून नाही केलं काही." ती दारापर्यंत गेली आणि वळली. "सगळं परत आणा. एक कण तिथे राहता कामा नये."

"तसं देत नाहीत. तुमची सही आहे."

"सही माझी. हात कोणाचा होता?"

पुढच्या आठवड्यात वहिनीने एक विचित्र गोष्ट आरंभली. सकाळी नऊला ती विभागाच्या बाहेरच्या बाकावर येऊन बसायला लागली. मांडीवर अर्धवट शिवलेलं दप्तर, हातात दाभण. फॉर्म घेऊन कोणी नातेवाईक आला की ती म्हणायची, "आधी वाचा. चष्मा नसेल तर मी वाचते. आणि त्या बाईंना हात उचलायला सांगा."

आत्या आतून ऐकायची. दाराची काच धुरकट होती, पण आवाज स्वच्छ यायचा. वहिनी चौथीपर्यंत शिकलेली. जोडाक्षरांवर अडखळायची, पण एकही कलम सोडायची नाही. पहिल्या आठवड्यात सहा जण आले. तिघे नाही म्हणाले. दोघांनी तपासणीपुरतं ठेवा म्हणून सांगितलं आणि बाकीची कलमं खोडली. एका बसचालकाची बायको गेली होती. त्याने सगळी यादी ऐकून घेतली, बराच वेळ बाकावर बसून राहिला आणि मग आत येऊन म्हणाला, "घ्या. सगळं घ्या. तिला काय झालं होतं ते निदान दुसऱ्याच्या बायकोच्या वेळी लवकर कळू दे." वहिनीने दारातून ते ऐकलं आणि दाभण जोरात खुपसलं. आत्यानेही ऐकलं. एकतीस वर्षांत सही करून असं काही कोणी तिला म्हटलं नव्हतं. म्हणणार कसं? काय देतोय ते कोणाला ठाऊकच नव्हतं.

प्रमुखांनी तिला बोलावून घेतलं. ते शांत माणूस, पण त्या दिवशी टाचणीदाणी टेबलावर इकडून तिकडे सरकवत होते.

"बाई, तुमच्या वहिनींना आवरा. हा विभाग आहे, चव्हाटा नाही."

"माझं ऐकत नाहीत त्या."

"घरातलं भांडण तुम्ही इथे आणलंत."

"सर, भांडण घरातलं नाही. फॉर्मवरचं आहे."

हे आपल्याच तोंडून निघालं याचं आत्यालाच नवल वाटलं. प्रमुखांनी टाचणीदाणी थांबवली.

"ठीक आहे. बरणी देऊन टाका. तसा अर्ज घ्या. पण ठोकळे नाही. हा आजार वारशाने येणारा दिसतोय, अहवालात मी लिहिलंय तसं. नेमका प्रकार कळायला एखादा ठोकळा बाहेरच्या संस्थेत पाठवायला हवा. प्रकार कळला तर तुमच्या भाचीच्या रक्तात काय शोधायचं ते कळेल. नाहीतर अंधारात चाचपडत बसा." मग ते जरा पुढे झुकले. "बरणी दिली की झालं. ठोकळे काय असतात, किती असतात, ते त्या बाईंना काय कळणार?"

आत्या तिच्या टेबलाशी परत आली. अकरा ठोकळे खणात ओळीने लावलेले होते. भाची गेले काही महिने जिना उतरताना कठड्याला हात लावते, हे तिने पाहिलं होतं. खरंच लावते का, की मलाच तसं दिसतं? हे कोणाला विचारायची सोय नव्हती. एक ठोकळा मागे ठेवणं किती सोपं होतं. वहिनीला दहा म्हणून सांगितलं तरी ती दहा मोजून गप्प बसली असती.

पण आत्याने आजवर शब्द झाकले होते, आकडा कधी चुकवला नव्हता. एकतीस वर्षांच्या नोंदवहीत एक ठोकळा कमी-जास्त नव्हता. तिने प्रमुखांच्या टेबलावर अर्ज ठेवला: बरणी एक, ठोकळे अकरा, पट्ट्या चव्वेचाळीस. प्रमुखांनी अर्ज वाचला, तिच्याकडे पाहिलं आणि सही करताना म्हणाले, "भाची तुमची आहे, बाई. उद्या मला बोल लावू नका."

रविवारी दुपारी तिने सगळं घरी आणून मधल्या खोलीतल्या कापायच्या टेबलावर मांडलं. बरणी कापडाच्या पिशवीतच ठेवली. वहिनीने बरणीकडे पाहिलं नाही. तिने ठोकळे मोजले, पट्ट्या मोजल्या, मग पुन्हा मोजल्या. भाची भिंतीशी उभी राहून ओठ चावत होती.

"एवढेच?"

"एवढेच."

"शप्पथ?"

"नोंदवही दाखवीन."

वहिनीला ते पटलं असावं. नणंदेच्या तोंडच्या गोडव्यावर तिचा विश्वास नव्हता, पण नोंदवहीवर होता. मग आत्याने पिशवीतून एक फॉर्म काढला. कोरा, दोन पानी.

"हे काय?" वहिनी कडाडली. "अजून पोट भरलं नाही तुमचं?"

"सर म्हणतात, एक ठोकळा बाहेर पाठवायला हवा. आजार वारशाचा असेल तर..." तिने भाचीकडे बघायचं टाळलं. "तुम्ही नाही म्हणालात तर मी हा फाडून टाकीन. पण नाही म्हणायच्या आधी वाचा."

"मी का वाचू? तुम्ही वाचा. मोठ्याने."

आत्याने फॉर्म हातात घेतला. हजारो लोकांपुढे ठेवलेला हा कागद आपण शेवटचा पूर्ण कधी वाचला, हे तिला आठवेना. पहिलं पान तिने सरळ वाचलं, विभागात वाचावं तसं. दुसऱ्या पानावर कलमं आली. तपासणी. शिक्षण. संशोधन. प्रदर्शन. मग यादी. हृदय. फुप्फुसं. यकृत.

"पुढे," वहिनी म्हणाली.

पुढचा शब्द तिच्या समोर होता. छोटा शब्द. त्या शब्दाचं लेबल ती दिवसाला वीसदा चिकटवायची. तो काही केल्या तोंडातून निघेना. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"पुढे वाचा, वन्सं. मी बाकावर बसून रोज वाचत होते ना? चौथी शिकलेली बाई."

"मेंदू," आत्या म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

वहिनीने तिला रडू दिलं. पाणीबिणी दिलं नाही. दिलं असतं तर ती वहिनी नव्हे.

"आई," भाची म्हणाली, "एक ठेवू दे."

"तू गप्प बस. तुला काय कळतंय?"

"काही कळत नाही म्हणूनच म्हणतेय. बाबांचं काही तुला विचारून ठेवलं नाही म्हणून तू बाकावर जाऊन बसलीस. मला कोणी विचारलं? माझ्या अंगात काय आहे ते मला कळायला हवं की नको, हे तुम्ही दोघी ठरवणार? एक कापणार, एक शिवणार, आणि मधे मी?"

दादाचंच बोलणं. त्याच्या जिभेवरून निघालं की हसू यायचं, आज कोणी हसलं नाही. वहिनीने लेकीकडे पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत, माप घेताना बघते तसं. पायांवर तिची नजर जरा जास्त थांबली. म्हणजे तिनेही पाहिलं होतं. आत्याला ते तेव्हा कळलं. दोघींनी एकच गोष्ट पाहिली होती, आणि एका घरात राहून एकीने दुसरीला सांगितली नव्हती.

वहिनीने यंत्राच्या खणातून पेन काढलं. "शिक्षण," ती म्हणाली आणि ते कलम खोडलं. "प्रदर्शन," तेही खोडलं, इतक्या जोरात की कागद फाटता फाटता राहिला. "संशोधन." पेन थांबलं. "हे म्हणजे ती बाहेरची संस्था?"

"हो."

"एक ठोकळा. अकरातला एक. त्यावर लिहा, काम झालं की परत. आणि उत्तर आलं की आधी हिच्या हातात. तुमच्या नाही, तुमच्या सरांच्याही नाही."

आत्याने समासात तसं लिहिलं. वहिनीने खुर्ची पुढे ओढली आणि सही करायला वाकली. आणि आत्याचा डावा तळहात पसरून कागदावर जाऊन बसला होता. कधी गेला ते तिला कळलंच नाही.

"हात," वहिनी म्हणाली.

आत्याने हात उचलला. कुठे ठेवावा ते कळेना, म्हणून तो उजव्या हातात धरून ठेवला. वहिनीने वरपासून खालपर्यंत बोट फिरवत पुन्हा एकदा सगळं वाचलं, ओठ हलवत, आणि सही केली. मग एक ठोकळा उचलून आत्याच्या पुढ्यात ठेवला आणि बाकीचे, पट्ट्या, बरणी, सगळं एका नव्या पिशवीत भरलं. पिशवी तिने स्वतः शिवलेली होती. चेन लावून झाल्यावर तिने तोंडाशी निळ्या दोऱ्याचा टाका घातला.

सोमवारी सकाळी मायलेकी निघाल्या. जिथे दादाला पोचवलं होतं तिथेच जायचं होतं. आत्याने रजा टाकली होती, चपला घातल्या होत्या. वहिनीने दारात तिला अडवलं.

"तुम्ही नको."

"वहिनी, भाऊ होता माझा."

"हो ना. तुम्ही त्यांना पाहिलंत पुरेसं. भिंगातून. आम्हाला काही झाकून ठेवायचं नाही, पण आज आम्ही दोघीच जाणार." मग चप्पल पायात सरकवताना, तिच्याकडे न बघता म्हणाली, "साबण संपलाय तुमचा. नवा आणून ठेवलाय."

आत्या पुढच्या खोलीच्या खिडकीत जाऊन उभी राहिली. तिथून बाहेरचा जिना दिसायचा, एकवीस पायऱ्या. वहिनी पुढे होती. भाचीच्या एका हातात पिशवी होती, दुसरा मोकळा. आत्या मोजायला लागली. सातव्या पायरीवर मोकळा हात कठड्याकडे गेला, अर्ध्या वाटेत थांबला आणि मागे आला. बारा. पंधरा. भाची अठराव्या पायरीवर आली तेव्हा वहिनी खाली पोचून वळली आणि वर बघत उभी राहिली. तीही मोजत होती, ओठ हलत होते. दोघींची नजर एकदा भेटली, आणि दोघींनी ती लगेच भाचीच्या पायांवर नेली.

एकवीस. भाचीने कठड्याला हात लावला नाही.